अर्धा फेरा

बेरिल केरिजचे रोजचे दोन नेम होते. सकाळी उठून केस विंचरले की चहाच्याही आधी एक स्तोत्र वाचायचं, आणि संध्याकाळी सहाला अंगणापलीकडच्या शेडमध्ये जाऊन नवऱ्याच्या ट्रकच्या इंजिनाला अर्धा फेरा द्यायचा. पहिला नेम आईकडून आलेला, साठ वर्षांचा. दुसरा चार वर्षांचा. दोन्हींत तिने कधी खंड पडू दिला नव्हता. मधल्या एका हिवाळ्यात बर्फावरून घसरून उजवं मनगट मुरगळलं, तेव्हा तिने डाव्या हाताने फेरा दिला, पण दिला.

ट्रक म्हणजे बेडफर्ड, एक्केचाळीस सालचा, लष्करातला. चपट्या नाकाचा, बोजड, हिरवा. दारांच्या जागी कॅनव्हासचे पडदे. लेसने तो एका बीटवाल्या शेतकऱ्याच्या गोठ्यामागून ओढत आणला तेव्हा त्याच्या हौद्यात कोंबड्या राहत होत्या. पहिल्या वर्षी नुसती विष्ठाच खरवडून काढली. मग एकोणीस वर्षं तो त्या ट्रकपाशी होता. नॉरफोक परगण्यातल्या निम्म्या भंगारवाल्यांना तो नावाने ओळखायचा. बॉनेटवरचे रंगाचे थर त्याने पाण्यात भिजवलेल्या कागदाने एकेक करून घासले, आणि सातव्या थराखाली युद्धातला मूळ नंबर उमटला. त्या दिवशी जेवताना तो गुणगुणत होता. लग्नाला तोवर एकवीस वर्षं झाली होती आणि नवऱ्याला गुणगुणता येतं हे बेरिलला त्या दिवशी कळलं.

शेडमध्ये ती फारशी जात नसे. कुणी मनाई केली होती असं नाही. पण ती आत आली की लेस हातातलं काम थांबवून उभा राही, पाहुणा आल्यासारखा, आणि काय हवंय म्हणून बघत राही. मग तिलाच अवघडल्यासारखं व्हायचं. जेवण झाकून ठेवावं, खिडकीतून शेडच्या दिव्याकडे बघावं, असं तिचं आयुष्य गेलं. मूलबाळ नव्हतं. चॅपलमधल्या बायका थट्टा करायच्या, "बेरिल, तुझी सवत कशी आहे?" बेरिल म्हणायची, "तिला नवे टायर मिळालेत. मला अजून कोट मिळायचाय."

ट्रकमध्ये चालकाच्या बाजूला बंदूक अडकवायची एक खोबण होती. ती रिकामी दिसली की लेसला करमत नसे. तो म्हणायचा, तोंडातला पुढचा दात पडल्यासारखं वाटतं. म्हणून त्याने एक जुनी लष्करी रायफल मिळवली. निकामी केलेली, कागदपत्रांसकट. नळीत पोलादी गज ठोकून बुजवलेला, गोळी जाणं कधीच शक्य नाही. पण जुन्या नियमाने निकामी केलेली असल्यामुळे तिचा मागचा बोल्ट अजून सरकायचा. मागे ओढला की खट्, पुढे ढकलला की खटाक्.

आणि रोज सहा वाजता, हात पुसून झाले की लेस तो बोल्ट दोनदा वाजवायचा. आवाज अंगण ओलांडून स्वयंपाकघरात यायचा. मग बेरिल किटलीतलं पाणी चहाच्या भांड्यात ओतायची. तो दारात बूट काढून आत येईपर्यंत चहा मुरलेला असायचा. असं त्यांनी कधी बोलून ठरवलं नव्हतं. लेस आवाज देऊन हाक मारणारा माणूस नव्हता. हात हातात घेणाराही नव्हता. दोनदा बोल्ट वाजवणं, एवढंच त्याचं बोलणं.

मग फेब्रुवारीत त्याला अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, डावी बाजू गेली, उजवा हात तेवढा राहिला. हॉस्पिटलात नवव्या दिवशी तो तिला काहीतरी सांगायला धडपडत होता. "इंजिन," एवढं नीट आलं. मग "रोज". मग "अर्धा". तिने ओळखलं. इंजिन नुसतं उभं राहिलं की आतून गंजून धरतं, हे तिने त्याच्या तोंडून हजार वेळा ऐकलं होतं. म्हणून तो रोज समोरच्या हँडलने ते थोडं फिरवायचा. "रोज अर्धा फेरा देऊ?" तिने विचारलं. त्याने डोळे मिटून हो म्हटलं. मग त्याने आपला उजवा हात उचलून तिच्या तळव्यावर ठेवला आणि घट्ट दाबला. दाबून तसाच धरून ठेवला. नर्स गोळ्यांची गाडी घेऊन आली तरी त्याने हात काढला नाही. नर्सने दोनदा "मिस्टर केरिज" म्हटलं, तेव्हा कुठे त्याने मनगट अर्धं फिरवून दाखवलं, आणि सोडलं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी तो गेला.

तेव्हापासून तिचा दुसरा नेम सुरू झाला. सहाला शेडमध्ये जायचं, ट्रकच्या नाकाशी वाकून हँडलला अर्धा फेरा द्यायचा, मग चालकाच्या बाजूला जाऊन बोल्ट दोनदा वाजवायचा, आणि अंगण ओलांडून घरात येऊन एक कप चहा ओतायचा. बोल्टचं लेसने सांगितलं नव्हतं. ते तिचं तिने ठरवलं होतं. आणि फेरा देताना रोज, न चुकता, तिला तळव्यावरचा तो दाब आठवायचा. त्याच्याबरोबरच्या अडतीस वर्षांतून तिने एवढंच बाजूला काढून ठेवलं होतं.

*

या सप्टेंबरात तिने घर सोडायचं ठरवलं. गुडघ्यांना जिना झेपत नव्हता, आणि गावातली शेवटची बसही बंद झाली होती. शहरात चर्चने चालवलेल्या वयस्कांच्या इमारतीत तिला एक खोली मिळाली, नोव्हेंबरच्या मध्यापासून. तिथे ट्रक न्यायचा प्रश्नच नव्हता. म्हणून तिने रोलंड अटिंगला फोन केला.

रोलंड म्हणजे लेसचा या वेडातला जोडीदार. शहात्तर वर्षांचा, बस डेपोतून निवृत्त झालेला मेकॅनिक. स्वतःच्या दोन जीप, गॅसचे एकवीस मुखवटे आणि बायको आयरीन, असा त्याचा संसार; आयरीनच्या मते याच क्रमाने. जुन्या लष्करी गाड्यांच्या क्लबाचा तो चिटणीस होता. लेस गेल्यावर पहिल्या वर्षी दोनदा येऊन गेला. मग साथीची वर्षं आली, मग त्याचा खांदा दुखावला, मग नुसतंच राहून गेलं. फोनवर मात्र दर नाताळाला विचारायचा, "इंजिनाचं काय?" आणि बेरिल सांगायची, "रोज फिरवते." तो म्हणायचा, "शाब्बास. मग काळजी नाही."

तो आला तो ओल्या दुपारी, टोपी हातात घेऊन.

"चहा घेशील?"

"आयरीनने दिवसाला दोनच ठरवून दिलेत. डॉक्टर झालीय ती सध्या."

"मग नको?"

"मी कुठे नको म्हणालो?"

खिमा भरलेला रोल खाता खाता त्याने सगळं सांगून टाकलं. क्लबाने ठराव केला होता. ट्रक क्लबाच्या शेडमध्ये राहील, सगळे मिळून राखतील, आणि नोव्हेंबरात युद्धात पडलेल्यांच्या स्मृतिदिनाच्या रविवारी चर्चसमोर गाड्यांची रांग लागते तिथे तो पुन्हा उभा राहील. "चार वर्षं लेसची जागा आम्ही मोकळी ठेवतो," रोलंड म्हणाला. "म्हणजे मुद्दाम नाही. कुणी तिथे गाडी लावतच नाही."

बेरिलने कप खाली ठेवला. "त्याच्या जागी त्याचा ट्रक गेला की माझं काम झालं," ती म्हणाली. "चालता. ढकलत नाही."

"ढकलत कशाला? तू फिरवतेयस ना रोज."

शेडमध्ये गेल्यावर रोलंडने ट्रकभोवती एक फेरी मारली, टायर दाबले, जुन्या ओळखीच्या घोड्याला थोपटावं तसं बॉनेट थोपटलं. बेरिलला एकदम हुरूप आला. चार वर्षांत तिचं काम कुणी पाहिलं नव्हतं.

"हे बघ," ती म्हणाली, आणि वाकून तिने हँडल धरलं. "एका हाताने फिरतं. पहिल्या दिवसापासून असंच. जरासुद्धा जड झालेलं नाही."

तिने अर्धा फेरा दिला. हँडल अलगद वर गेलं आणि खाली आलं.

रोलंड हँडलकडे बघू लागला. तो जवळ आला. गुडघ्यांचा आवाज करत वाकला.

"पुन्हा कर."

तिने पुन्हा केलं.

"रोज असंच करतेस?"

"रोज. एक दिवस चुकला नाही."

"आत ढकलत नाहीस?"

"आत कुठे?"

रोलंडने टोपी काढून बॉनेटवर ठेवली. मग दोन्ही हातांनी हँडल धरून ते आत दाबलं. कट्ट् असा आवाज झाला, जो बेरिलने कधीच ऐकला नव्हता, आणि हँडल आणखी बोटभर आत गेलं. मग त्याने जोर लावला. चांगल्या खांद्याने लावला, मग दोन्हींनी लावला. त्याची मान लाल झाली. हँडल तसूभर हललं नाही.

तो उठला आणि बराच वेळ रुमालाला हात पुसत राहिला.

"याच्या मागे स्प्रिंग असते, बेरिल," तो हळू म्हणाला. "ती हँडल बाहेर धरते. बाहेर असलं की नुसतं हँडल फिरतं. इंजिनाला पत्ताच नसतो. ते आत दाबलं की दात दातांत बसतात, मग इंजिन फिरतं. सहा सिलिंडरचं धूड आहे. एका हाताने फिरेल का ते?"

"म्हणजे चार वर्षं..."

"हँडल मात्र झकास राहिलंय," रोलंड म्हणाला, आणि म्हटल्या म्हटल्या त्याला स्वतःची जीभ चावावीशी वाटली. "चूक माझी आहे. मी एकदा येऊन बघायला हवं होतं. फोनवर शाब्बास म्हणायला काय जातं."

"धरलंय का ते? पुरतं?"

"धरलंय. पुरतं की कसं, ते उघडल्यावर कळेल. चार हिवाळे, या ओलीत." मग तिची नजर बघून तो घाईने सांगू लागला, शिकवल्यासारखं, निदान काहीतरी बोलायला हवं म्हणून. "हे असं असतं. आधी आत दाबायचं. घट्ट. दाबून धरायचं, आणि मग मनगटाने अर्धा फेरा."

हवेत त्याने ते करून दाखवलं. दाबलं, धरलं, मनगट फिरवलं.

बेरिल त्याच्या हाताकडे बघत राहिली. मग स्वतःच्या तळव्याकडे बघितलं.

"लेसही असंच करायचा?" तिने विचारलं.

"सगळेच असंच करतात. दुसरा मार्गच नाही."

"हो का," ती म्हणाली. "चल. तुझा चहा निवला असेल."

रोलंड तिच्याकडे बघतच राहिला, कारण चहा पिऊनच तर ते इकडे आले होते.

*

त्या संध्याकाळी सहाला ती शेडकडे गेली, पण आत न जाता दारातच उभी राहिली. काय फिरवायचं आणि कशासाठी, हे सुचेना. बोल्टलाही हात लावावासा वाटला नाही. चार वर्षांत पहिल्यांदाच खंड पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पुस्तक उघडलं. डोळे ओळींवरून गेले, आणि शेवटी आल्यावर आपण काय वाचलं हे तिला सांगता आलं नसतं. असं तिला कधी होत नसे. ती पुन्हा पहिल्या ओळीवर आली, पुन्हा वाचलं, मग पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

इंजिनाचं वाईट वाटत होतं, पण ते लोखंड होतं. तिला डाचत होतं ते दुसरंच. आजारपणातल्या त्या नऊ दिवसांनंतर नवऱ्याने तिचा हात दाबला होता, असं ती चार वर्षं धरून चालली होती. चॅपलमध्ये बसली की आठवायची, थंडीत झोप लागेना की आठवायची. आणि तो तिला हँडल कसं धरायचं ते सांगत होता. मरता मरताही शेडमधलंच काहीतरी सांगत होता, आणि तेही तिला कळलं नव्हतं. म्हणजे त्याचं कामही राहिलं आणि आपल्या हाती जे आहे असं तिला वाटत होतं, तेही नव्हतं.

"एवढंच होतं का रे ते?" तिने रिकाम्या खुर्चीला विचारलं. तिचा आवाज मुळातच हळू. खुर्चीला तो ऐकू गेला असेल असं वाटत नाही.

साडेनऊला दारावर थाप पडली. रोलंड आला होता, डगला चढवून, हातात तेलाचे दोन डबे.

"आयरीन म्हणाली, तोंड पाडून घरी बसू नकोस, जा आणि निस्तर," तो म्हणाला. "आणि हा तिने केक दिलाय. तो तुला आहे, मला नाही, हे तिने तीनदा सांगितलं."

*

मग अकरा दिवस तो रोज येत राहिला. सहाही प्लग काढून त्याने त्या भोकांतून डिझेल आणि गिअरचं पातळ तेल मिसळून ओतलं. "आता हे झिरपू द्यायचं," तो म्हणाला. "घाई केली तर आत काहीतरी मोडेल. याला बळजबरी चालत नाही, चिकाटी चालते. त्यात तू माझ्यापेक्षा बरी."

"थट्टा करतोस?"

"नाही. खरंच म्हणतोय. चार वर्षं रोज? मी आठ दिवस दाताला दोरा लावू शकत नाही."

तेल रोज थोडं खाली उतरायचं, तो पुन्हा भरायचा. मग ट्रक वरच्या गिअरमध्ये टाकून दोघं तो हलवायचे. तो पुढच्या चाकाला खांदा लावून, बेरिल मागून फळीला हात लावून. पुढे एक ढकल, मागे एक ढकल. इंजिन धरलेलं असेपर्यंत ट्रक जागचा हलत नाही, नुसता स्प्रिंगांवर डुलतो. शेडमध्ये इतका वेळ बेरिल आयुष्यात कधी थांबली नव्हती. लेसची हत्यारं भिंतीवर ज्याच्या त्याच्या बाह्यरेषेत टांगलेली होती. प्रत्येक पान्याभोवती त्याने पांढऱ्या रंगाने त्याचा आकार काढून ठेवला होता. एका कोपऱ्यात, खिळ्यांच्या डब्यांच्या मागे, तिची हरवलेली केक कापायची सुरी मिळाली. तिच्यावर भेगा बुजवायची पुट्टी वाळलेली होती.

"चोर," ती म्हणाली.

साडेपाच वाजले की रोलंड हात धुवायचा. "आयरीन थांबली असेल," म्हणायचा आणि जायचा. त्याची गाडी वळणाआड गेली की बेरिल उरायची, आणि सहा वाजायला अर्धा तास उरायचा. तो अर्धा तास तिला फार मोठा वाटू लागला होता. आधी तो कधी जाणवतही नसे.

सहाव्या दिवशी रायफलचा विषय निघाला.

"हिचं एक सांगायचं राहिलं," रोलंड खोबणीकडे बोट दाखवून म्हणाला. "जुन्या कागदावरची आहे. तू तुझ्यापाशी ठेवलीस तर कुणी काही म्हणणार नाही. पण विकायची किंवा कुणाला द्यायची तर आधी नव्या नियमाने पुन्हा निकामी करून घ्यावी लागते. बोल्ट जागच्या जागी वितळवून जोडून टाकतात. मग तो सरकत नाही."

"वाजत नाही?"

"दांडकं होऊन जातं."

"ट्रक घेऊन जा," ती म्हणाली. "ही मी ठेवते."

"त्या खोलीत? तिथल्या बाईने पाहिली तर पोलीस बोलावेल."

"कपाटात ठेवीन. विचारलं तर सांगेन पडद्याची दांडी आहे."

"तू चॅपलला जाणारी बाई. खोटं बोलशील?"

"पडदा अडकवीन तिच्यावर. मग कुठे खोटं?"

रोलंड हसला. पण मग खोबणीकडे बघून त्याने मान हलवली. लेस असता तर काय म्हणाला असता हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून कुणीच ते बोललं नाही.

अकराव्या दिवशी, दुपारचे तीन वाजले असतील, मागून ढकलताना बेरिलला वाटलं की आपला पाय घसरला. पाय घसरला नव्हता. ट्रक पुढे गेला होता. वीतभर.

"थांब," रोलंड पुढून म्हणाला. "आता मागे. हळू."

ट्रक मागे आला. आत कुठेतरी म्हाताऱ्या माणसाने झोपेत कूस बदलावी तसा आवाज झाला. रोलंड चाकापाशीच खाली बसला आणि त्याने तोंड दोन्ही हातांत धरलं. थोड्या वेळाने म्हणाला, "खांदा," पण खांदा त्याने धरला नव्हता.

मग त्याने गिअर सोडला आणि तिला बोलावलं. "ये. तूच कर. आधी दाब."

बेरिल वाकली. हँडल दोन्ही तळव्यांत धरून तिने आत रेटलं. कट्ट् झालं. आणि स्प्रिंगने उलटा तिच्या तळव्यांवर दाब दिला, घट्ट, कुणीतरी पलीकडून हात लावून उभं असल्यासारखा. तिने जोर लावला. किती जड होतं ते. काही क्षण काहीच होईना. मग ते सगळं वजन एकदम, सावकाश, तिच्या हातांबरोबर फिरू लागलं. अर्धा फेरा झाला तेव्हा तिला धाप लागली होती.

"हा पहिला," रोलंड म्हणाला.

तिने घाम पुसला. मग सरळ चालकाच्या बाजूला गेली, खोबणीतून रायफल काढली, आणि त्याच्या हातात दिली.

"हिलाही घेऊन जा. जोडून आण."

"विचार कर. एकदा जोडली की..."

"अर्धवट एकदा झालंय माझ्या हातून," बेरिल म्हणाली. "त्याला खोबण रिकामी चालायची नाही."

रोलंडने रायफल आडवी धरली. त्याचा अंगठा बोल्टच्या मुठीवर होता. "शेवटचं एकदा वाजवायचीय?"

तिने घड्याळ बघितलं. "सहा कुठे वाजलेत," ती म्हणाली.

*

रायफल पाच आठवड्यांनी परत आली, नव्या कागदासकट. तोवर बेरिलचा नेम पुन्हा सुरू झाला होता, आता बरोबर रीतीने. रोज सहाला दाबायचं, धरायचं, फिरवायचं. तळव्याच्या मुळाशी तिला एक घट्टा पडला. बोल्ट वाजवायचा नव्हता, त्यामुळे फेरा झाला की ती थोडी घुटमळायची, काहीतरी राहिल्यासारखी, आणि मग अंगण ओलांडायची.

या पाच आठवड्यांत तिच्या एक गोष्ट लक्षात आली, आणि ती रोलंडला सांगण्यासारखी नव्हती. दाबायला वेळ लागत नाही. दात दातांत बसेपर्यंत, श्वास घ्यावा इतकाच. कट्ट् झालं की पुढचं सगळं मनगटाचं. त्यापेक्षा जास्त दाबून धरण्यात काही अर्थ नसतो. इंजिनाला त्याचा काही उपयोग नाही. आणि लेसने तर नर्सने दोनदा हाक मारेपर्यंत दाबून धरलं होतं.

हिला कळलं नाही असं वाटून त्याने धरून ठेवलं असेल. तसंही असेल. त्याला जे माहीत असायचं ते जगाला माहीत असतं असं समजणारा माणूस तो, पण आजारात माणूस बदलतो. किंवा नुसती बोटं सुटत नसतील. बेरिलने प्रत्येक संध्याकाळी यातलं एकेक धरून पाहिलं, आणि कुठलंच पुरतं सोडता आलं नाही की पुरतं धरता आलं नाही.

स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, रोलंड ट्रक न्यायला आला. आयरीनही आली होती, केकचा रिकामा डबा परत न्यायचं निमित्त करून. रोलंडने रायफल खोबणीत बसवली. दिसायला काही फरक नव्हता. बेरिलने बोल्टच्या मुठीला बोट लावलं. तो भिंतीसारखा घट्ट होता. तिने बोट काढलं.

"एक माणूस पुढे लागतो, एक आत," रोलंड म्हणाला. "पेट्रोल वर चढायला तीन फेरे. देशील?"

"अहो, तिच्या वयाला," आयरीन म्हणाली. "तुम्ही द्या की."

"माझ्यापेक्षा तिला सवय आहे," रोलंड म्हणाला आणि आत चढून बसला.

बेरिलने तीन फेरे दिले. तिसऱ्याला रोलंडने आतून बटण दाबलं. इंजिन खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं, आणि निळा धूर ओकून मग धडधडू लागलं. भिंतीवरचे पाने आपापल्या पांढऱ्या रेषांत थरथरत होते. आयरीनने कानांवर हात ठेवले. बेरिलने ठेवले नाहीत. चार वर्षं आठ महिन्यांनी ट्रक स्वतःच्या बळावर दारातून बाहेर पडला, अंगणातल्या चिखलातून वळला, आणि रोलंडने हात बाहेर काढून उंचावला.

"उद्या साडेदहाला तुला न्यायला येतो," तो ओरडून म्हणाला. "रांगेत त्याच्याशेजारी उभी राहा."

"येईन."

आयरीन आपल्या छोट्या गाडीतून मागोमाग गेली. ट्रकचा आवाज सपाट शेतांवरून खूप वेळ ऐकू येत होता. बीटच्या कापलेल्या रानात आवाज अडवायला काही नव्हतं. मग तो कधी थांबला ते तिला कळलं नाही. थांबल्यावर कळलं.

दिवसभर तिने खोकी भरली. कपबश्या, चादरी, स्तोत्रांचं पुस्तक सगळ्यात वर, सकाळी लागणार म्हणून. सहा वाजले तेव्हा तिचे पाय आपोआप शेडकडे गेले. दार उघडंच होतं. आत जमिनीवर तेलाचा डाग होता, ट्रकच्या आकाराचा, आणि भिंतीवर हत्यारांच्या पांढऱ्या रेषा. हत्यारं दुपारी क्लबातली माणसं येऊन घेऊन गेली होती.

ट्रकचं नाक जिथे असायचं तिथे ती उभी राहिली. डावा हात पुढे करून उजव्या तळव्यावर ठेवला आणि दाबला. घट्टा अजून दुखत होता. श्वास घ्यावा एवढा वेळ धरलं. मग त्याहून जास्त धरलं.

मग ती घरात आली आणि तिने चहा ओतला.